आठव्या पिढीचा म्हणून विकलेला लॅपटॉप सहाव्या पिढीचा निघाला: इंदूरमधील पालकांनी सावध राहावे

इंदूरमध्ये जेल रोडच्या बाजारातील एका जुन्या लॅपटॉपच्या दुकानदाराने माझी ३४,५५० रुपयांची फसवणूक केली. नव्या सत्रासाठी मुलांना संगणक घेऊन द्यायला निघालेल्या पालकांवर ही वेळ येऊ नये, म्हणून सर्व तपशील लिहीत आहे.

मुलीला बी.टेक.ला प्रवेश मिळाला. विभागाच्या सूचनेत किमान आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एसएसडी असे स्पष्ट लिहिले होते. फी नुकतीच भरलेली असल्यामुळे नव्या लॅपटॉपचा खर्च झेपणारा नव्हता, आणि मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेले लॅपटॉप मजबूत असतात हे घरात सर्वांना माहीत होते. तो विचार मला आजही योग्यच वाटतो. आठव्या पिढीची अटही उगाच नव्हती. विंडोज १० ला नियमित अपडेट मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच चालते. नुसत्या ‘आय५’ या नावावर जाऊ नका: आय५-६३००यू हा २०१५ सालचा, दोन कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग) प्रोसेसर आहे, तर आय५-८३५०यू हा २०१७ सालचा, चार कोअरचा. अशा चार आकडी क्रमांकातला पहिला आकडा पिढी सांगतो.

दुकानदाराने आमचे आपापसातले बोलणे ऐकले आणि लगेच मराठीत म्हणाला, “काकू, आपल्याच माणसांना मी वाईट माल देईन का?” बाजारात दिवसभर हिंदी ऐकणाऱ्या आमच्यासारख्यांना समोरच्याच्या तोंडून मराठी ऐकली की किती हायसे वाटते, हे इंदूरच्या मराठी माणसाला सांगायला नको. त्याने त्याचाच फायदा घेतला. लॅपटॉपचे ३१,५००, ऑफिस आणि अँटिव्हायरस टाकून देण्याचे २,२००, बॅग आणि माउसचे ८५०, असा हिशेब त्याने मांडला. ५,००० रुपये मी यूपीआयने दिले. उरलेले २९,५५० त्याने रोख मागितले, कारण पक्के बिल केले तर १८ टक्के जीएसटी वेगळा द्यावा लागेल, असे तो म्हणाला. हातात पडली ती ‘एस्टिमेट’ असे छापलेली चिठ्ठी. तिच्यावर ना जीएसटी क्रमांक, ना लॅपटॉपचा सीरियल नंबर. मध्य प्रदेशातील दुकानदाराचा जीएसटी क्रमांक २३ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर तो कोणालाही तपासता येतो. तो क्रमांक नसलेली चिठ्ठी घेऊन एक रुपयाही देऊ नका.

ज्या क्षणी सारे उघड व्हायला हवे होते, तो क्षण मला अजून झोपू देत नाही. लॅपटॉप आधीपासून चालू ठेवलेला होता. मुलीने तो बंद करून पुन्हा सुरू करायला लावला, तेव्हा पासवर्ड टाकताच पडद्याच्या मधोमध एक काळी चौकट उमटली आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच नाहीशी झाली. मुलीने विचारलेसुद्धा, “हे काय होते?” “अँटिव्हायरस अपडेट होतोय,” असे म्हणून त्याने लगेच सेटिंग्जचे पान उघडले आणि प्रोसेसरच्या नावावर बोट ठेवले: आय५-८३५०यू. खाली आठव्या पिढीचे चकचकीत स्टिकरही होते. बायॉस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारे यंत्राच्या माहितीचे पान, दाखवा म्हटल्यावर, त्याला जुन्या कंपनीचा पासवर्ड आहे, असे उत्तर मिळाले. पडद्यावर नाव स्वच्छ लिहिलेले दिसत असताना ते नावच खोटे असेल अशी शंका किती जणांना आली असती? मी प्रश्न विचारले होते, मुलीने विचारले होते, आणि प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर तयार होते.

ती काळी चौकट म्हणजे लॅपटॉप सुरू होताच रजिस्ट्रीमधले, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदींमधले, प्रोसेसरचे नाव बदलणारी एक छोटी फाइल होती. मुलीच्या एका सीनियरने टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकात काय चालू आहे ते दाखवणारा विंडोजचा भाग, उघडला, तेव्हा तिथे कोअर दोन आणि लॉजिकल प्रोसेसर चार दिसले; ८३५०यू असता तर चार आणि आठ दिसायला हवे होते. ती फाइल काढून टाकल्यावर खरे नाव समोर आले, आय५-६३००यू. रॅमही ८ जीबीच होती. बॅटरीचा अहवाल पाहिला, तर मूळ क्षमतेच्या निम्मीही उरलेली नव्हती. कमांड प्रॉम्प्ट या विंडोजच्या आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत powercfg /batteryreport ही आज्ञा दिली की हा अहवाल मिळतो, आणि तो पैसे देण्यापूर्वी दुकानातच मागा. दुसऱ्या एका दुकानदाराने या लॅपटॉपची किंमत ११,००० रुपये सांगितली.

परत गेल्यावर ‘काकू’ संपले. “आपने मशीन खोली है, वॉरंटी खतम,” एवढेच ऐकायला मिळाले.

पोलीस ठाण्यात तर आमचे म्हणणे पुरते ऐकूनही घेतले नाही. हा देण्याघेण्याचा वाद आहे, ग्राहक मंचात जा, असे सांगण्यात आले. खोटे नाव दाखवून पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा नाही, तर मग कशाला फसवणूक म्हणायचे? सायबर शाखेने व्यवहार समोरासमोर झाला म्हणून हात झटकले. संगणकात फेरफार करून फसवले, तरी ते सायबर प्रकरण नाही! १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली गेली, पण दुकानदाराने उत्तर दिले नाही म्हणून ती बंद करण्यात आली. म्हणजे ज्याने उत्तर द्यायचे, त्यानेच गप्प राहून सुटायचे. प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न एकच: पक्के बिल कुठे आहे? बिल न देणे हीच ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि त्याच बिलाच्या अभावी तक्रारदाराला माघारी पाठवले जाते. ज्यांच्या हाती कायदा आहे त्यांनी तो वाचायचा की माझ्यासारख्या गृहिणीने?

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. यूपीआयची नोंद, ती चिठ्ठी, टास्क मॅनेजरचा फोटो आणि दुकानदाराशी झालेले व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे जोडले आहे. त्याच बाजारातून कोणी असा लॅपटॉप घेतला असेल, तर आजच कोअर मोजा. माल सदोष निघाला आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर ३० दिवसांच्या आत तो परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा त्याच कायद्याने अनुचित प्रथा ठरते. म्हणून तोंडी भांडत बसू नका, मागणी लेखी द्या आणि रजिस्टर्ड पोस्टाची पावती जपून ठेवा.