हंटिंग्टनच्या तपासणीआधीचं समुपदेशन : पाचपैकी चार तारे

हा अभिप्राय एका जेनेटिक क्लिनिकमधल्या समुपदेशनाबद्दल आहे. रक्त मी दिलेलं नाही आणि सध्या देणारही नाही. तरी तिथे गेल्याचं मला समाधान आहे. आमच्यासारख्या घरांतली माणसं 'जाऊ की नको' यातच वर्षानुवर्षं अडकून राहतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

बाबांना हंटिंग्टन हा मेंदूची झीज करणारा आनुवंशिक आजार होता. चाळिशीत आधी चिडचिड सुरू झाली, मग हिशेबात घोळ, मग हातापायांच्या त्यांना न आवरणाऱ्या हालचाली. निदान झालं तेव्हा मी आणि ताई दोघीही मोठ्या होतो, आणि आम्हा प्रत्येकीला तो येण्याची शक्यता निम्मी आहे हे त्याच दिवशी कळलं. आजार बरा करणारं औषध नाही. टेट्राबेनाझिनसारख्या औषधांनी हालचाली कमी होतात, मेंदूची झीज थांबत नाही. 2021च्या मार्चमध्ये टोमिनर्सन या औषधाच्या मोठ्या चाचणीत डोस देणं थांबवलं, ती बातमी वाचून ताई दिवसभर कुणाशी बोलली नव्हती.

क्लिनिकमध्ये जाताना वाटलं होतं, फॉर्म भरायचा, रक्त द्यायचं आणि वाट बघत बसायचं. पण समुपदेशक बाईंनी पहिल्या भेटीत रक्ताचा विषयच काढला नाही. बाबांचं शेवटचं वर्ष कसं गेलं, ते विचारलं आणि मी रडत असताना मध्ये बोलल्या नाहीत. मग कागद घेऊन समजावलं : चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सीएजी ही तीन अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा येतात. 26पर्यंत असतील तर काळजी नाही. 27 ते 35 असतील तर स्वतःला आजार होत नाही, पण पुढच्या पिढीत आकडा वाढू शकतो, वडिलांकडून आला तर जास्त. 36 ते 39मध्ये होईलही, न होईलही. 40 किंवा जास्त असतील तर पुरेसं आयुष्य लाभल्यास होतोच, मात्र नेमका कधी, हे रिपोर्ट सांगत नाही. हे शेवटचं मला कुणीच इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. रिपोर्ट हातात आला की वर्षंसुद्धा कळतील, असं मी धरून चालले होते.

न्यूरॉलॉजिस्टची तपासणीही या प्रक्रियेत असते. बोटं भराभर टेकवायची, पावलापुढे पाऊल ठेवून सरळ चालायचं, जीभ बाहेर काढून तशीच धरायची. लक्षणं सुरू झाली असतील तर डॉक्टरांना रक्ताआधीच दिसू शकतात, त्यामुळे ही तपासणी नको असेल तर तसं सांगता येतं, हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं. मी नको म्हटलं. कुणी आग्रह केला नाही.

आता ज्या प्रश्नासाठी हा अभिप्राय लिहावासा वाटला, तो. मी सांगितलं होतं की आम्हाला मूल हवंय, म्हणून मला कळायलाच हवं. त्यांनी विचारलं, "मुलाचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला, तर तरीही तुम्हाला स्वतःबद्दल जाणून घ्यायचंय का?" अशी वाट असते हे मला माहीतच नव्हतं. आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, भ्रूणाची तपासणी अशा रीतीने करता येते की आईला स्वतःचा निकाल कळत नाही. आणखी एका पद्धतीत भ्रूणात आजारी आजोबांकडचा गुणसूत्राचा तो भाग आलाय का, एवढंच बघतात आणि आला असेल तर ते भ्रूण वापरत नाहीत. यात निम्मी शक्यता अशी की निरोगी भ्रूणही बाजूला पडतात. प्रत्येक देशात हे करू देतात असंही नाही. दोन्ही बाजू त्यांनी मांडल्या, स्वतःचं मत दिलं नाही. मी आणि नवरा खूप दिवस यावर बोललो. शेवटी मला उमगलं की मुलाचं कारण बाजूला काढल्यावर माझ्याकडे 'हो' म्हणायला काही उरत नाही. तपासणी न करायचं तिथेच ठरलं. पुढे मन बदललं तर फाइल उघडीच आहे.

ताईचं वेगळंच. तिला स्वतःला जाणून घ्यायचं नाही, पण तिच्या सज्ञान मुलाला घ्यायचंय. त्याचा निकाल वाईट आला तर ताईचा निकालही आपोआप लागतो. बाईंनी दोघांना आधी वेगवेगळं आणि मग एकत्र बसवलं. भाच्याचा हक्क कुठेही कमी केला नाही. निकाल आईपासून लपवून तो खरंच वागू शकेल का, हे मात्र त्याच्याकडूनच बोलून घेतलं. त्याने तूर्त थांबायचं ठरवलंय. अठराच्या आतल्या, लक्षणं नसलेल्या मुलांची तपासणी करत नाहीत, आईवडिलांनी कितीही म्हटलं तरी. हे मला पूर्ण पटतं.

एक तारा का कापला, तेही सांगते. रिसेप्शनवर सगळ्यांसमोर मोठ्याने "हंटिंग्टनवाल्या कोण?" असं विचारलं गेलं. ज्या आजारामुळे घरं कित्येक पिढ्या गप्प राहतात, त्याचं नाव असं पुकारू नये. मी लेखी तक्रार दिली, उत्तर यायचंय. दुसरं, विम्याबद्दल त्यांना नीट सांगता आलं नाही. नियम देशोदेशी वेगळे आहेत, म्हणून हा भाग रक्त देण्याआधी स्वतः तपासून घ्या, निकाल हातात आल्यावर नको.

भेटीला कुणाला तरी सोबत न्या, पण ज्याला स्वतःलाही हीच निम्मी शक्यता आहे अशा भावंडाला शक्यतो नको. क्लिनिकला आधीच विचारून ठेवा : निकाल समोर बसवून सांगता ना, फोनवर नाही ना? आणि निकालानंतरच्या महिन्यांत कुणाशी बोलता येईल? आमच्या बाईंनी दोन्हींची उत्तरं न विचारता दिली होती.