सुट्ट्यांचे वेळापत्रक आणि लिब्रेऑफिस कॅल्कमधला सॉल्व्हर: एका दुकानदाराचा अभिप्राय

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या तयार कपड्यांच्या दुकानात आठ पूर्णवेळ माणसे आणि शनिवार-रविवारपुरती येणारी दोन महाविद्यालयीन मुले, अशी व्यवस्था बरीच वर्षे चालली होती. त्या आठांपैकी एक जण लग्न होऊन पुण्याला जाणार असे कळले, तेव्हा तिच्या जागी नवे माणूस घ्यावे की सातांवर भागेल, हा प्रश्न उभा राहिला. वडिलांचे मत नेहमीचे होते: "माणूस जास्त असलेला बरा, कमी पडलेला नको." मला मात्र आकडा हवा होता. हजेरी आणि पाळ्या लावून देणारी दोन सशुल्क अ‍ॅप मी पाहिली. त्यांत तक्ता देखणा होतो, पण कमीत कमी खर्चात किती माणसे पुरतील हे आपणच ठरवून भरायचे असते. शेवटी संगणकावर आधीपासून असलेल्या, पूर्णपणे मोफत अशा लिब्रेऑफिस कॅल्क या स्प्रेडशीटमधल्या सॉल्व्हरकडे वळलो. आपण घातलेल्या अटी पाळून खर्च कमीत कमी होईल असे आकडे शोधून देणारे हे साधन. सहा महिन्यांच्या वापरानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

बारावीच्या गणितात आलेखावर दोन-चार रेषा काढून कोपऱ्यातला बिंदू शोधायला लावणारे जे लिनिअर प्रोग्रॅमिंग असते, तेच येथे आहे. फरक इतकाच की अज्ञात राशी दोनऐवजी आठ आहेत आणि आलेख काढणे शक्य नाही. सात खान्यांत सोमवार ते रविवार प्रत्येक वारी किती जणांना साप्ताहिक सुट्टी द्यायची तो आकडा, आणि आठव्या खान्यात शनिवार-रविवारच्या मुलांची संख्या. प्रत्येकाला आठवड्यातून एकच सुट्टी असल्यामुळे पहिल्या सात खान्यांची बेरीज म्हणजेच पूर्णवेळ माणसांची संख्या. त्या संख्येतून त्या-त्या वारच्या सुट्ट्या वजा केल्या की त्या दिवशीची हजेरी मिळते. शनिवार-रविवारी त्यात मुले मिळवायची.

आमची गरज सोमवार-मंगळवारी ५, बुधवार-गुरुवारी ६, शुक्रवारी ७, शनिवारी ९ आणि रविवारी १० माणसांची आहे. पूर्णवेळ माणसाचा आठवड्याचा खर्च ३,६०० रुपये आणि दोन दिवसांच्या मुलाचा १,४०० रुपये धरला. 'टूल्स'मधून सॉल्व्हर उघडायचा, एकूण खर्चाचा खाना लक्ष्य म्हणून द्यायचा, 'मिनिमम' निवडायचे, बदलते खाने दाखवायचे आणि सात वारांच्या सात अटी घालायच्या. सूत्रे आधीच मांडून ठेवली असतील तर दहा मिनिटांचे काम आहे. पर्यायांमध्ये राशी ऋण नसाव्यात अशी एक खूण आहे, ती करायला विसरू नये. ती नसेल तर गणिताच्या दृष्टीने उणे मुले कामाला ठेवता येतात, म्हणजे तीच आपल्याला पैसे देणार, आणि मग खर्चाला तळच उरत नाही.

उत्तर क्षणात आले: ७ पूर्णवेळ, ३ मुले, खर्च २९,४०० रुपये. जुन्या व्यवस्थेचा खर्च ३१,६०० रुपये होता. परंतु मला थांबवले ते सुट्ट्यांच्या खान्यांनी. सोमवार २, मंगळवार २, बुधवार १, गुरुवार १, शुक्रवार ०, आणि शनिवार १. आमच्या व्यवसायात शनिवारी सुट्टी मागणे म्हणजे मालकाची थट्टा करणे समजले जाते, त्यामुळे आधी मला माझेच सूत्र चुकले असे वाटले. कागदावर पुन्हा मांडले, तर गणित सरळ होते. शुक्रवारच्या गरजेमुळे सातांपेक्षा खाली येता येत नाही. सोमवार ते गुरुवार मिळून सहाच सुट्ट्या मावतात, सातवी सुट्टी कोठेतरी द्यावीच लागते, आणि रविवारसाठी तिसरा मुलगा घेतलाच असल्यामुळे तो शनिवारीही हजर असतो. आठवे माणूस न घेण्याची किल्ली त्या एका शनिवारच्या सुट्टीत होती, आणि ती आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आली नसती.

दिवाळीच्या आठवड्यात दुसरा धडा मिळाला. मुलांच्या परीक्षा असल्यामुळे ती येणार नव्हती आणि रोज १० माणसे हवी होती. सॉल्व्हरने प्रत्येक वारी १.६७ जणांना सुट्टी, असे एकूण ११.६७ माणसांचे उत्तर दिले. प्रत्येक खाना वरच्या पूर्णांकापर्यंत नेला तर २ गुणिले ७, म्हणजे १४ माणसे होतात. राशी पूर्णांक असाव्यात ही खूण करून पुन्हा चालवले, तेव्हा १२ आले. दोन माणसांचा आठवड्याचा खर्च ७,२०० रुपये होतो. घाईने स्वतः पूर्णांक करणाऱ्याने तो आकडा लक्षात ठेवावा.

थोडे विषयाला लागूनच: कामगारांच्या वेळापत्रकाची ही मांडणी टोलनाक्यांवरून आली. न्यूयॉर्कच्या पूल-बोगद्यांवरील टोलच्या रांगांवर लेस्ली एडी यांचा लेख १९५४ साली आला आणि त्यावर टिपण लिहून गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी, ज्यांनी १९४७ मध्ये लिनिअर प्रोग्रॅमिंगची गणिते सोडवण्याची सिम्प्लेक्स पद्धत शोधली होती, ती समस्या लिनिअर प्रोग्रॅमिंगमध्ये बसवली. आनंदनगर टोलनाक्यावरच्या रांगेत ज्यांची उमर गेली त्या ठाणेकरांना हे वाचून काय वाटेल ते मी सांगायला नको.

आता उणीव, आणि ती माझ्या मांडणीची आहे. २९,४०० रुपयांच्या उत्तरात सातही वारी हजेरी गरजेइतकीच भरते, एकही माणूस जादा नसतो. खर्च कमीत कमी करा म्हटल्यावर सॉल्व्हर प्रत्येक सैल दोरी ताणून घेतो. तिसऱ्याच रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक होता. डोंबिवलीहून येणारी दोघे दीड तास उशिरा पोहोचली आणि भर दुपारी ट्रायल रूमसमोर मी स्वतः घड्या घालत उभा होतो. त्यानंतर रविवारची गरज १० ऐवजी ११ केली. उत्तर आले ७ पूर्णवेळ आणि ४ मुले, ३०,८०० रुपये. चौथा मुलगा शनिवारीही येत असल्यामुळे त्या दिवशीही एक हात जादा मिळाला, आणि जुन्या खर्चापेक्षा आठवड्याला ८०० रुपये वाचतातच.

ज्यांच्याकडे एक्सेल आहे त्यांना तेथेही सॉल्व्हर मिळतो. अ‍ॅड-इन सुरू करून 'सिम्प्लेक्स एलपी' पद्धत निवडावी लागते आणि बदलत्या खान्यांची मर्यादा २०० असते, जी आमच्यासारख्या दुकानाला कधी आड येणार नाही. कोठेही वापरा, पण हजेरीच्या सूत्रांत 'इफ' किंवा पूर्णांक करणारी फंक्शने घालू नका. मग समस्या रेषीय, म्हणजे निव्वळ बेरीज-वजाबाकी आणि ठरावीक आकड्यांनी गुणाकार यांची, राहत नाही.

शनिवारची सुट्टी कोणाला, हे मात्र सॉल्व्हर सांगत नाही, कारण त्याच्या खान्यांत माणसांची नावे नसतात. आम्ही पहिल्या महिन्यात चिठ्ठ्या टाकल्या. हल्ली पाळी ठरलेली आहे आणि तिची अदलाबदल काउंटरवरच्या बायका आपसांत करतात. गेल्या आठवड्यात एकीने शनिवारच्या बदल्यात दोन मंगळवार देऊ केले होते.