नव्या माशासाठी कॉपर, टँक ट्रान्सफर की नुसती देखरेख?

खाऱ्या पाण्याची टाकी नवी असते तोवर लक्ष दिवे, स्किमर आणि लाइव्ह रॉकवर असतं. क्वारंटाइन, म्हणजे नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवणं, आठवतं ते पहिला मासा मेल्यावर. मला ते पावडर ब्लू टँग नावाच्या एका माशाने शिकवलं. दुकानात मस्त खात होता, म्हणून घरी आणल्यावर तासाभरात डिस्प्लेमध्ये, म्हणजे मुख्य टाकीत, सोडला. चौथ्या दिवशी अंगावर पीठ भुरभुरल्यासारखी बारीक धूळ आणि कल्ल्यांची धाप. सहाव्या दिवशी तो गेला आणि जाताना दोन क्लाउन मासेही घेऊन गेला. लक्षणं वेल्वेट या परजीवी रोगाची होती, पण सोबत व्हाइट स्पॉट हा दुसरा परजीवी रोग आलाय की नाही हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून उरलेला एकुलता गोबी वेगळ्या टाकीत काढला आणि डिस्प्ले 76 दिवस माशांविना चालवली. पाहुणे विचारायचे, "मासे कुठायत?"

प्रवाळाच्या टाकीत औषध घालता येत नाही, हे एकदा मान्य केलं की वेगळी टाकी लागणार हे ठरलंच. कॉपरने, म्हणजे तांब्याच्या औषधाने, प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी मरतात आणि ते खडकात, वाळूत मुरून बसतं. त्या वेगळ्या टाकीत नेमकं काय करायचं, त्याचे मुख्य पर्याय तीन: कॉपर, टँक ट्रान्सफर (ठरावीक दिवसांनी टाकी बदलणं) आणि नुसती देखरेख. हायपोसॅलिनिटी हा चौथा, म्हणजे पाण्याचं विशिष्ट गुरुत्व 1.009 पर्यंत उतरवून महिनाभर तिथेच धरायचं. पण रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं साधन) जरा चुकला तर मेहनत पाण्यात, आणि वेल्वेटवर त्याचा उपयोग नाही. मी तो सोडून दिला.

रोगाचं वेळापत्रक

निवड करण्याआधी एवढं समजून घ्या. व्हाइट स्पॉटचा परजीवी माशाच्या अंगावर 3 ते 7 दिवस राहतो, मग सुटून तळाला जातो आणि तिथे कवच करून बसतो. कवच फुटायला किमान तीनेक दिवस, कधी कित्येक आठवडे लागतात. त्यातून निघालेल्या पिल्लांना दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर ती संपतात. वेल्वेटचं चक्र याहून वेगवान, आणि तो बऱ्याचदा कल्ल्यांत आधी शिरतो. अंगावर धूळ दिसेपर्यंत हाताशी एखाद-दोन दिवसच उरलेले असतात.

टँक ट्रान्सफरचं सगळं गणित त्या तीन दिवसांवर आहे. मासा पहिल्या दिवशी एका टाकीत. मग चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या दिवशी ताज्या पाण्याच्या दुसऱ्या टाकीत. तळाला बसलेली कवचं मागे राहतात आणि मासा पुढे जातो. मधल्या काळात रिकामी टाकी, जाळी, एअर स्टोन, पाइपचे तुकडे सगळं धुऊन पूर्ण कोरडं करायचं. ओलसर राहिलेला एक नळीचा तुकडाही सगळं वाया घालवू शकतो. 72 तासांची मर्यादा म्हणजे 72 तासच. "आज ऑफिसला उशीर झाला, उद्या सकाळी बघू" इथे चालत नाही. फायदा असा की औषध नाही, आणि पाणी इतक्या लवकर बदलतं की मुरलेला (उपयोगी जिवाणू वाढलेला) फिल्टरही लागत नाही. प्लास्टिकचे दोन स्वच्छ टब पुरतात.

मोठा तोटा एकच, पण निर्णय फिरवणारा: वेल्वेट यातून जात नाही.

कॉपर दोन्ही परजीवींच्या पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. म्हणून टँग आणि एंजल घेणाऱ्याला मी कॉपरच सांगतो. मात्र बाटलीवरचे थेंब मोजून कॉपर चालवता येत नाही, ते पाण्यात मोजावं लागतं. चिलेटेड (दुसऱ्या रेणूंत बांधलेलं) कॉपर साधारण 2.25 ते 2.5 पीपीएमवर (दहा लाखांत इतके भाग) ठेवतात, तर आयनिक प्रकारातल्या क्युप्रामिन या औषधाचं लक्ष्य 0.5 पीपीएम आहे. एकाचा आकडा दुसऱ्याला लावलात तर एकतर औषध निरुपयोगी, नाहीतर मासा विषबाधेने गेला. पातळी तीन-चार दिवसांत हळूहळू चढवायची आणि पूर्ण भरल्यावर 30 दिवस मोजायचे. मध्ये ती खाली घसरली तर मोजणी पुन्हा एकपासून. रंग जुळवायच्या स्वस्त किटवर हा फरक वाचता येत नाही, हॅना कंपनीचा डिजिटल चेकर लागतो. तो घ्यायची तयारी नसेल तर कॉपरच्या वाटेला जाऊ नका.

नवख्यांची एक चूक नेहमीची. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी साध्या आरओ पाण्याने भरायचं, त्यात कॉपर घालायचं नाही, कारण मीठ आणि कॉपर दोन्ही टाकीतच राहिलेले असतात. पाणी बदलताना मात्र नव्या खाऱ्या पाण्यात तेवढंच कॉपर मिसळूनच घालायचं. अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) मारणारी कंडिशनरं कॉपरसोबत वापरू नका. काहींमुळे कॉपर जास्त विषारी होतं. अमोनियाचं काम मुरलेल्या स्पंजवर सोपवा. स्पंज फिल्टर महिनाभर आधी डिस्प्लेच्या संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) टाकून ठेवा. कॉपरमध्ये गेलेला स्पंज डिस्प्लेत परत न्यायचा नाही.

"ट्रान्सफरला मीठ फार लागतं" असं सर्रास म्हणतात. एकदा हिशेब करून बघा. लिटरमागे 35 ग्रॅम धरलं तर 40 लिटरचे पाच भरणे म्हणजे 200 लिटर, सात किलो मीठ. कॉपरसाठी 60 लिटरची टाकी आणि महिनाभर आठवड्यातून दोनदा 15 लिटर बदललं तर 180 लिटर, सहा किलोच्या वर. फरक किलोभराचाही नाही. खरा फरक वेळेत आहे: दोन आठवड्यांपेक्षा कमी विरुद्ध महिनाभर.

नुसती देखरेख

काही माशांना औषध झेपत नाही. मँडरिन, पाइपफिश अशांना कॉपर नको, आणि शार्क-रे यांना तर कधीच नाही. अशांसाठी चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून रोज बघायचं: खातोय का, श्वास किती, अंग घासतोय का. टाकीत जन्मलेल्या क्लाउनसाठीही हे पुरेसं वाटतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलंय, तेव्हा दुकानात असेच मासे मुद्दाम मागावेत. पण दुकानात सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरत असेल, तर टाकीत जन्मल्याचा फायदा तिथेच संपतो. टँगसाठी देखरेख मला नको वाटते. व्हाइट स्पॉट कल्ल्यांत दडून महिना काढू शकतो आणि बाहेरून मासा धडधाकट दिसतो.

फ्लूक या माशाला चिकटणाऱ्या किड्यांवर तिन्हींपैकी कशाचाच भरवसा नाही. त्यासाठी प्राझिक्वांटेल या जंतनाशकाचे दोन डोस, मध्ये साधारण आठवडा.

आपल्या घरातल्या अडचणी

मे महिन्यात एसीशिवायच्या खोलीत छोट्या टाकीचं पाणी सहज 31 अंशांवर जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि नेमका कल्ले बिघडलेला मासा त्यात असतो. पंखा लावून पाण्याचं तापमान उतरतं, पण मुंबईच्या पावसाळ्यात हवेत इतकी वाफ असते की पंख्याचाही जोर चालत नाही. म्हणून मी मासे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच घेतो. पुण्यात तेव्हा हीटर लावावा लागतो, तो परवडला. बॅटरीवरचा एअर पंप वर्षभर तयार ठेवा, वीज सांगून जात नाही.

क्वारंटाइनच्या टाकीत वाळू-खडक काही नको, लपायला पीव्हीसीचे एल्बो पुरतात. वर जाळी हवीच, रास (wrasse) जातीचे मासे उडी मारतात. वेल्वेट हवेतल्या बारीक तुषारांतून पसरू शकतो हे प्रयोगांत दिसलंय, म्हणून शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवा. बाथरूम टाळा. आमच्याकडे फिनाइलचं बोळं फिरवणाऱ्यांना टाकीशी देणंघेणं नसतं.

टँग, एंजल किंवा समुद्रातून पकडलेला कुठलाही मासा आणि हातात डिजिटल चेकर असेल तर कॉपर. चेकर नसेल आणि 72 तास पाळता येत असतील तर ट्रान्सफर, पण त्यानंतर लगेच डिस्प्ले नको. आणखी दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून वेल्वेटवर नजर ठेवा, आणि तो दिसलाच तर कॉपर आणि चेकर त्याच दिवशी कुठून मिळतील, हे मासा घेण्याआधी विचारून ठेवा.