ओटीजीत एकाच ट्रेमध्ये चिकन आणि भाज्या: दिवाळी ते आषाढ वापरल्यानंतर

दिवाळीत ओटीजी, म्हणजे विजेवर चालणारा छोटा ओव्हन, घेतला तो केकसाठी. केक मोजकेच झाले. खरा वापर होतोय आठवड्यातल्या रात्रीच्या जेवणाला: चिकन, बटाटे, गाजर, कांदे सगळं एकाच ट्रेमध्ये. कोल्हापुरात रस्सा सोडून चिकन भाजून खायचं म्हणजे घरात आधी प्रश्नच येतात. सासूबाईंनी ट्रे बघून विचारलंच, "आणि रस्सा कुठाय गं?"

आमचा ओटीजी ३५ लिटरच्या आसपासचा, आत पंखा असलेला, १५०० वॅटचा. तो सव्वासहा-साडेसहा अँपिअर ओढतो, म्हणजे साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटच्या वर. १६ अँपिअरचा पॉइंट नसेल तर आधी तो करून घ्या. विजेची मात्र फार धास्ती नको. तासभर सलग चालला तरी दीड युनिट, आणि थर्मोस्टॅट अधूनमधून बंद होतो त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच.

चिकन घेताना बोलावं लागतं. आपल्याकडे दुकानदार न विचारता कातडी सोलून रश्श्याचे तुकडे करून देतो. भाजायला ते तुकडे निरुपयोगी, बटाटा शिजेपर्यंत त्यांचा चोथा होतो. 'विथ स्किन, अख्खा लेग' असं स्पष्ट सांगायचं. कातडीची चरबी वितळून खालच्या बटाट्यांवर उतरते आणि वरून तेल जेमतेम एक चमचा लागतं. छातीचे तुकडे मी घेत नाही, लगेच कोरडे पडतात. अख्खा लेग २०० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं घेतो. मांसात खुपसायचा थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता बघा. ७४ अंशांना चिकन खायला सुरक्षित होतं, पण लेग ८०च्या पुढे गेला की जास्त मऊ लागतो.

आता पाणी. ओल्या पृष्ठभागाला रंग येत नाही, आधी सगळी वाफ जावी लागते. म्हणून चिकन आणि भाज्या धुऊन फडक्याने नीट टिपायच्या आणि एकाच थरात पसरायच्या. कपिलतीर्थ मार्केटमधून पिशवीभर ताजी भाजी आणली की सगळंच कोंबावंसं वाटतं, पण ट्रे भरला की भाजलेली नाही, उकडलेली भाजी मिळते. बटाटा, गाजर, कांदा सुरुवातीपासून, ढोबळी मिरची शेवटची १५-२० मिनिटं. टोमॅटो नाही. दह्यात मुरवायचं असेल तर दही टांगून घ्या.

आणि चटणी! घरची कांदा-लसूण चटणी सुरुवातीला चोपडायची नाही. तिच्यातलं सुकं खोबरं, तीळ, लसूण २०० अंशांना एवढा वेळ तग धरत नाहीत, काळे होऊन कडू लागतात. आधी फक्त मीठ, हळद, तेल. चटणी तेलात कालवून शेवटच्या दहा मिनिटांत वरून लावायची. मग तो ठसका नीट राहतो. ट्रेच्या तळाशी जमलेल्या रसात लिंबू आणि गुळाचा बारीक खडा विरघळवला की ज्वारीच्या भाकरीबरोबर रश्श्याची उणीव बरीचशी भागते. सासूबाई आता रश्श्याचं विचारत नाहीत, 'बटाटे जास्त घाल' म्हणतात.

'झटपट' म्हणून कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आधी ओव्हन तापवण्यासकट तास जातो. फरक इतकाच की त्यातली दहा-पंधरा मिनिटंच आपली, बाकी वेळ गॅसपाशी उभं राहावं लागत नाही. एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघर नको होतं. वीज गेली तर अर्धवट भाजलेलं चिकन तसंच झाकून ठेवायचं नाही, सरळ कढईत घ्यायचं. चौघांपेक्षा जास्त माणसं असतील तर ट्रे पुरत नाही. पाहुणे आले की आमच्याकडे तांबडा-पांढराच होतो. भांडं एकच पडतं हे खरं, पण ते घासायला चिवट. ट्रे गरम असतानाच त्यात कढत पाणी ओतून ठेवलं तर सुटतो.

आता श्रावण येतोय, तेव्हा त्याच ट्रेमध्ये फ्लॉवर आणि रताळी. रताळ्यात साखर जास्त, कडा लवकर जळतात, त्यामुळे फोडी मोठ्या ठेवा. पनीर घालून पाहिलं, रबरासारखं होतं.