मॅव्हिक ३ मल्टिस्पेक्ट्रल: उसाच्या फडात काय दिसतं, काय दिसत नाही

मोठी बांधणी (उसाच्या बुडाला मातीची शेवटची भर) झाली, पानं एकमेकांत गुंतली की फडात शिरायची सोय राहत नाही. बांधावरून सगळं हिरवंगार दिसतं आणि मधल्या पाच-दहा गुंठ्यांची वाढ खुंटलेली कळते थेट तोडणीला. डीजेआय या चिनी कंपनीचा हा ड्रोन खरा उपयोगी पडतो तो इथे.

२०२२ साली आलेलं हे यंत्र आरटीके (जागा सेंटिमीटरपर्यंत नेमकी सांगणारी यंत्रणा) अँटेनासकट साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास भरतं. साधा कॅमेरा २० मेगापिक्सेलचा. शेजारी ५ मेगापिक्सेलचे चार वेगळे कॅमेरे: हिरवा, लाल, रेड एज (लाल आणि अवरक्त यांच्या मधला पट्टा) आणि एनआयआर (डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश). उसासाठी पैसे रेड एजचेच मोजायचे. पानांनी जमीन झाकली की लाल प्रकाश जवळपास सगळा शोषला जातो, त्यामुळे एनडीव्हीआय (लाल आणि एनआयआरवरून काढलेला हिरवेपणाचा आकडा) वरच्या टोकाला अडकतो आणि आख्खा नकाशा एकाच हिरव्या रंगाचा येतो. तसा नकाशा दाखवून 'पीक उत्तम' म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्याऐवजी रेड एज वापरणारा एनडीआरई हा आकडा काढा: एनआयआर वजा रेड एज, भागिले दोघांची बेरीज. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातल्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (ठिपक्या-ठिपक्याचं गणित करणारं साधन) हे होतं.

एका उड्डाणात २०० हेक्टर हा जाहिरातीतला आकडा विसरा. ६० मीटर उंचीवर मल्टिस्पेक्ट्रलचा (त्या चार कॅमेऱ्यांचा) एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवर पावणेतीन सेंटिमीटरचा पडतो. ओव्हरलॅप (एका फोटोवर दुसऱ्याचा चढणारा भाग) पुढे ८० आणि बाजूला ७० टक्के ठेवला की उड्डाणाच्या दोन रांगांत २१ मीटर अंतर येतं. हे कॅमेरे दोन सेकंदांना एकच फोटो घेतात, म्हणून वेग सेकंदाला ५ मीटरच्या वर नेता येत नाही. हिशेब केला तर २५ मिनिटांत ३५ एकर. बॅटरीची ४३ मिनिटंही कागदावरचीच. वारा आणि परतीचा प्रवास धरून तिसाच्या आत उतरवा. ३५ एकरांत सुमारे सव्वासहाशे ठिकाणी शटर पडतं, प्रत्येक वेळी पाच फायली, म्हणजे ३० जीबीच्या आसपास डेटा. जुना लॅपटॉप इथेच मान टाकतो.

उड्डाण ११ ते २ दरम्यान, एक तर निरभ्र नाहीतर सरसकट ढगाळ आकाशात. पळत्या ढगांत नकाशावर पट्टे उमटतात. डोक्यावरचा प्रकाश-सेन्सर ते बरेच सावरतो, पण पूर्ण नाही, आणि त्यावर धूळ बसली असेल तर तोच चुकवतो. आरटीके बंद ठेवू नका. मीटरभराची चूक म्हणजे साडेचार फुटी सरीत जवळपास शेजारची सरी, मग गेल्या महिन्याच्या नकाशाशी तुलना फुकट.

नकाशा वाचताना रंगाआधी आकार बघा. सरळ रेघ बहुधा माणसाच्या कामाची: लॅटरल (ठिबकची सरीतली नळी) तुंबली, खत टाकताना सरी सुटली. सबमेनपासून (लॅटरलना पाणी देणाऱ्या पाइपापासून) लांब जाता जाता रंग उतरत गेला तर दाब कमी पडतोय, टोकाचे ड्रिपर मोजा. वेडेवाकडे, गोलसर डाग असतील तर बहुधा हुमणी (मुळं खाणारी अळी); तिथे कुदळ घेऊन मुळाशी खणावं लागतं. सखल कोपऱ्यात पसरलेला डाग, विशेषतः कृष्णाकाठी, म्हणजे निचऱ्याचा नाहीतर क्षारांचा प्रश्न, तिथे जास्तीचा युरिया ओतून काही होत नाही. लोळलेला ऊस आणि तुरा आलेला ऊस या दोन्हींनी नकाशा फसतो. थर्मल कॅमेरा नाही, त्यामुळे पाण्याचा ताण पान बदलण्याआधी कळत नाही.

आता पैशांचं. 'खतात बचत' हा विक्रेत्यांचा आवडता मुद्दा, आणि उसात तोच सर्वांत लंगडा. आडसालीची (पावसाळ्यात लावलेल्या, जास्त दिवसांच्या उसाची) नत्राची शिफारस हेक्टरी ४०० किलो. म्हणजे एकरी साधारण ३५० किलो युरिया, ४५ किलोच्या पावणेआठ गोण्या. २६६.५० रुपये भावाने खर्च दोन हजारांच्या थोडा वर. त्यातले २० टक्के वाचले तरी एकरी चारशेच. नफा दुसरीकडे आहे. लागणीनंतर ३० ते ४५ दिवसांत साध्या कॅमेऱ्याने ३० मीटरवरून एक फेरी मारा. ठिपका पाऊण सेंटिमीटरचा पडतो, ६० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या नांग्या (रोपं न उगवलेल्या रिकाम्या जागा) मोजून तेवढीच रोपं मागवता येतात. २०२५-२६ ची एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. तोडणी-वाहतूक वजा केली तरी एकरी एक टन वाढला तर खताची ती बचत कुठल्या कुठे मागे पडते.

उघाडीच्या हंगामात नुसता कल बघायचा असेल तर सेंटिनेल-२ ची उपग्रह चित्रं फुकट मिळतात. पण १० मीटरच्या ठिपक्याने एकरात चाळीसच चौकोन येतात, रेड एजचा ठिपका २० मीटरचा असल्याने त्याला दहाच, आणि ऐन पावसाळ्यात ढगच दिसतात.

विकत घ्यायचा बेत असेल तर थांबा. फेब्रुवारी २०२२ पासून भारतात तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. चोरवाटेने आलेल्या यंत्राची ना रीतसर नोंदणी, ना सर्व्हिसची खात्री. त्यापेक्षा भारतीय ड्रोनवर मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा लावून पाहणी करणाऱ्याकडून एकरी दराने काम करून घ्या. ठरवतानाच रेड एज आहे का विचारा, उड्डाणाची उंची लिहून घ्या आणि रंगीत पीडीएफसोबत प्रत्येक बँडची (प्रकाशपट्ट्याची) टिफ फाइल मागा. ती द्यायला कुरकुर झाली तर दुसरा माणूस बघा.