भिवापूर–पवनी रस्त्यावरचा इंग्लिश पब: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत सहकुटुंब जेवल्यावर

आमच्या भागात जिथं दारू मिळते तिथं बाईनं जेवायचं तर दोनच सोयी असतात. एक म्हणजे बाजूचा जिना चढून 'फॅमिली सेक्शन'मध्ये बसायचं, पडदा ओढायचा आणि खालचा गोंधळ ऐकत भराभर जेवून उठायचं. दुसरी म्हणजे नवऱ्यानं पार्सल आणेपर्यंत गाडीत बसून राहायचं. या रस्त्यावर इंग्लंडातल्या पबच्या धर्तीचं हॉटेल निघालं तेव्हा तिथंही हेच असणार असं गावात सगळे धरून चालले होते. आम्ही गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा गेलो, नंतर जातच राहिलो. सासूबाई आणि दोन्ही मुलं बरोबर असतात. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे.

आधी बसण्याविषयी, कारण माझ्या मते खरा फरक तिथंच आहे. सगळा मिळून एकच मोठा हॉल. पडदे नाहीत, केबिन नाहीत, वर जाणारा जिना नाही. दिवे एवढे लख्ख की मुलगी तिथं बसून गृहपाठ करते. भिंतीला लागून लांब लाकडी काउंटर. इंग्लंडात पबमध्ये सहसा वेटर टेबलाशी येऊन ऑर्डर घेत नाही, आपणच काउंटरवर जाऊन सांगायचं, पैसे द्यायचे आणि टेबलाचा नंबर सांगून परत यायचं, अशी रीत आहे. इथंही तसंच. सुरुवातीला लोक चिडायचे. पाहुण्याला उठायला लावतात, हे काय जेवू घालणं झालं, असं माझ्या जावेनं तिथंच मोठ्यानं सुनावलं होतं. आता म्हाताऱ्या माणसांच्या टेबलाशी पोरगा स्वतः येतो, बाकीच्यांनी उठायचं. मला ही रीत आवडते. काउंटरशी शेजारी धानाचे व्यापारी उभे असतात, करांडल्याच्या जंगल सफारीहून परतणारे पर्यटक असतात, कोणाच्या हातात बिअर, कोणाच्या हातात लिंबूपाणी. मी माझी ऑर्डर सांगते आणि कोणी वळून बघत नाही. जेवणासाठीही तिथंच उभं राहावं लागतं म्हटल्यावर काउंटर दारूचा राहत नाही.

माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यातलं, चिमूरकडचं आहे. 2010 मध्ये तिथून बायका दारूबंदीची मागणी घेऊन नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या होत्या. 2015 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात बंदी लागू झाली, 2021 मध्ये उठली. दारूनं घर कसं बसतं हे मी शेजारच्या अंगणात पाहिलेलं आहे. त्यामुळे इथं झिंगलेल्या माणसाला पुढचा ग्लास देतात की नाही, याकडे माझं पहिल्यापासून लक्ष होतं. देत नाहीत. एका संध्याकाळी एक जण काउंटरवर हात आपटत होता. मालक शांतपणे म्हणाले, "भाऊ, आज एवढंच. जेवून घ्या, मंग पोट्टा घरी सोडून देईन तुमाले." आणि खरंच सोडलं. इंग्लंडात झिंगलेल्याला दारू विकणं 2003 च्या परवाना कायद्यानं गुन्हा आहे, आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी मालकाच्या मनावर चालतं. वयाचंही तसंच. महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात. इथं पोरांकडे आधार कार्ड मागताना मी पाहिलंय. मी स्वतः पीत नाही, म्हणून पेयांवर काही सांगत नाही.

आता जेवण. सर्वांत आधी फिश अँड चिप्स मागवा, पण मासा कोणता आहे ते विचारून. तिकडे कॉड किंवा हॅडॉक वापरतात, म्हणजे काटे कमी असलेला, पांढऱ्या मांसाचा समुद्रातला मासा. आपल्या तलावांतला रोहू चवीला गोड असतो, पण त्याच्या मांसात बारीक दुफाटी काटे असतात, आणि पिठात बुडवून तळलेल्या जाड तुकड्यातून ते लहान मुलाला काढता येत नाहीत. इथं मरळ मिळते तेव्हा मरळ वापरतात. मरळीला काटा कमी, मांस घट्ट, तळल्यावर तुकडा फुटत नाही. मैद्यात थोडं तांदळाचं पीठ आणि ऐनवेळी ओतलेली थंड बिअर. बिअरमधल्या वायूमुळे आवरण हलकं होतं. मुलांसाठी म्हणून विचारलं, तर बिअरऐवजी सोडा घालूनही करून देतात, फरक फारसा कळत नाही. मात्र मरळ नसते तेव्हा बर्फातला बासा येतो. तो पाणचट असतो, आवरणाखाली वाफ धरतो आणि पाच मिनिटांत सगळं मऊ पडतं. दर मात्र तोच, 380 रुपये. आज कोणता मासा आहे हे फळ्यावर लिहा, असं मी कितीदा सांगितलं. अजून लिहीत नाहीत. गोसेखुर्द धरणाचं पाणी एवढ्या जवळ असताना गिऱ्हाईकाला विचारावं लागू नये.

चिप्स म्हणजे जाड कापलेले आलू, दोनदा तळलेले. पहिल्यांदा मंद आचेवर आत शिजण्यापुरते, मग थंड करून कडक तेलात. हिवाळ्यात नवीन आलू असतो तेव्हा हे सोनेरी आणि आतून पिठूळ होतात. पावसाळ्यात शीतगृहातला आलू येतो, त्यात थंडीनं पिष्टाची साखर झालेली असते, म्हणून बाहेरून काळपट होतात आणि किंचित गोड लागतात. त्या दिवसांत उकडलेला आलू मागा. सोबतचा वाटाण्याचा लगदा मला आधी आवडला नव्हता. वाळलेला हिरवा वाटाणा रात्रभर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून शिजवतात. त्यावर भिवापुरी मिरचीचा ठेचा घेतला की चव लागते, आणि ठेचा मागितला तर ते आनंदानं देतात.

तेलाची गोष्ट मात्र नीट सांगते. सासूबाई माळकरी आहेत. त्यांच्यापुढे नुसते चिप्स ठेवले तेव्हा त्यांनी थेट मालकांना बोलावलं. "काहो बापू, माह्या आलूले मच्छीचं तेल तं नाही ना लागलं?"

"लागलं जी आई," मालक म्हणाले. "कढई एकच हाये. खोटं नाही सांगत."

आम्ही ताट परत केलं, त्यांनी पैसे लावले नाहीत. पुढच्या वेळी गेलो तर वेगळी कढई, वेगळा झारा, आणि त्या कढईच्या कडेला हिरवा रंग. आता शाकाहारी माणसं निर्धास्त बसतात. वूस्टर या इंग्लिश सॉसचंही विचारून घ्या. मूळ कृतीत त्यात छोटे खारवलेले मासे असतात, म्हणून 'व्हेज' पदार्थात तो घातला की माळकऱ्याचं व्रत मोडतं. इथं हिरव्या ठिपक्याची बाटली वापरतात, मी स्वतः पाहिली. पण 'पाय' नावाचा जो भाजलेला इंग्लिश पदार्थ आहे, तो शाकाहारी मात्र घेऊ नका. मैद्याचं झाकण जाड आणि आत मिक्स व्हेज.

शेफर्ड्स पाय चांगला आहे. तिकडे मेंढीच्या खिम्यावर कुस्करलेल्या आलूचा थर देऊन भाजतात, इथं बकऱ्याचा खिमा. गोमांसाचा कॉटेज पाय इथं मिळणार नाही, महाराष्ट्रात 2015 पासून गोवंशहत्येला बंदी आहे. खिमा मंद शिजवलेला असतो, तिखट नाही. सावजीच्या तर्रीची सवय असलेल्यानं दोन घास थांबावं, मग कांद्याचा आणि मांसाचा गोडवा कळतो.

रविवारचा रोस्ट, म्हणजे भट्टीत भाजलेलं मांस, हिवाळ्यात फार छान, उन्हाळ्यात बेभरवशाचा. कारण यॉर्कशायर पुडिंग. अंडी, दूध, मैदा यांचं पातळ पीठ धूर निघेल इतक्या तापलेल्या तेलात ओततात, ते वाफेनं फुगून पोकळ होतं आणि त्यात मांसाचा रस्सा घ्यायचा. भट्टी विजेवर चालते. उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, भट्टी तापत नाही आणि पुडिंग चपटं बाहेर येतं. मालकांनी गॅसची भट्टी घ्यायला हवी, हे मी त्यांना कळकळीनं सांगितलंय. मटणाची रान, म्हणजे मांडी, मात्र कशीही चिवटच असते, कोंबडी घ्या. शेवटी राईस पुडिंग. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाचं करतात, वरून जायफळ, साय भाजून तपकिरी झालेली. मुलं यासाठीच येतात.

बिल स्वच्छ असतं. जेवणावर 5 टक्के जीएसटी, दारूचा हिशोब वेगळा, आणि सेवाशुल्क नाही. ते न विचारता लावता येत नाही असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे निर्देश 2022 पासून आहेत, तरी नागपुरात कित्येक ठिकाणी वाद घालावा लागतो.

बायकांचं स्वच्छतागृह वेगळं आहे, आतून नीट कडी लागते, दिवा आहे, पाणी आहे, झाकणाची कचराकुंडी आहे. उमरेडपासून पवनीपर्यंत या रस्त्यानं रोज जाणाऱ्या बाईला विचारा याची किंमत काय. मी शाळेतल्या मैत्रिणींना घेऊन जाते ती निम्मी यासाठी. एकदा आम्ही पाच-सहा जणी, सोबत एकही पुरुष नाही, दुपारभर तिथं बसलो. मालकांनी टीव्हीवरच्या क्रिकेटचा आवाज आपणहून कमी केला.

आयपीएलच्या दिवसांत मात्र संध्याकाळी जाऊ नका, तेव्हा कोणाचाच आवाज कमी होत नाही आणि ऑर्डरला तासभर लागतो. जुलै ते सप्टेंबर सफारी बंद असते, गर्दी नसते, स्वयंपाकघर निवांत असतं, मासाही बहुधा ताजा मिळतो. रोस्टसाठी रविवारी एकच्या आत पोहोचा आणि निघण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा, मरळ आली का आणि विजेची लाईन आहे का.