मातीच्या धाब्यावर वुड फायबर बोर्ड: चारच स्टार, तेही पाण्यामुळे

"माती जाड असली की घर गार" हे भिंतींना बऱ्यापैकी लागू पडतं, छपराला नाही. भिंतीवर ऊन तिरपं येतं, काही तासांत सरकतं. छप्पर दिवसभर भाजून निघतं. आमच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छपरावर, १५ सेंटिमीटर दाबलेली माती आहे, म्हणजे दर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या वर वजन. एवढं ओझं तुळयांवर घालून ती उष्णता अडवत नाही, नुसती चार-पाच तास उशिरा खाली सोडते. दुपारचा ताव ऐन संध्याकाळी खोलीत. सूर्य मावळल्यावर आढ्याला हात लावला तर कोमट लागायचं.

आता मातीवर १० सेंटिमीटरचा वुड फायबर बोर्ड आहे, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा उष्णता अडवणारा बोर्ड, त्यावर हवा खेळती राहील एवढी फट सोडून कौलं. हा बोर्ड उष्णतेला त्या मातीच्या दहापट तरी विरोध करतो, आणि वजन तिच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. तेच आढं आता संध्याकाळीही गार लागतं. ऊन वरच अडतं, आणि खालची माती खोलीच्या कामाला येते: रात्री खिडक्या उघड्या टाकायच्या, ती थंड होते, दिवसा खोलीतला उष्मा शोषत राहते.

विक्रेत्याचा माणूस मात्र बोर्ड आतून, आढ्याखाली लावा म्हणून अडून बसला होता. काम सोपं पडतं ना त्यांना! तसं केलं असतं तर माती बाहेर उन्हात आणि खोली तिच्यापासून तुटलेली. वर प्लॅस्टिकचा कागदही सुचवत होता. अहो, माती आणि लाकडाचे तंतू दोन्ही वाफ सोडतात, ती कोंडून कुजवायची कशाला?

बोर्ड साध्या करवतीने कापला जातो, धूळ भयंकर, मास्क हवाच. कडांच्या खाचा एकमेकींत छान बसतात. पण पाणी! काम चालू असताना एक कोपरा रात्रभर ताडपत्रीबाहेर राहिला, कड फुगली, तो तुकडा फेकावा लागला. ओला झाला की इन्सुलेशनही गेलं. एक स्टार तिथे कापला.

दमट हवेत, जिथे रात्रही तापलेलीच असते, तिथे खालच्या मातीचा फारसा उपयोग होणार नाही. बाहेरच गारवा नसेल तर ती गार कशाने व्हायची? तिथे हलकं छप्पर घ्या आणि बोर्ड जाड घाला.